प्रज्ञासाठी उपासना

“तेविसावं स्तोत्र मी वाचीन,” म्हणत मानसीनं वहीत स्वतःचं नाव लिहूनही टाकलं.

सौंसरच्या त्या लहानशा चर्चच्या मागच्या खोलीत पाच मुलं बसली होती. त्यांच्यातलीच दहा वर्षांची प्रज्ञा डेंग्यूनं जाऊन महिना होत आला होता. तिच्यासाठीची उपासना मुलांनीच चालवावी, असं चर्चच्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, ठरवलं आणि तयारीचं काम वच्छलाकडे आलं. वच्छला निवृत्त नर्स. अजूनही ताप-खोकला झाला की मोहल्ल्यातली माणसं आधी तिच्याच दारात यायची.

“सिस्टर,” गौरवनं विचारलं, “प्रज्ञाले बरं कर, असं आता मागाचं नाई ना?”

“नाही.”

“मंग का मागाचं?”

वच्छला खोक्यातल्या मेणबत्त्या मोजू लागली.

“तिच्या आईसाठी मागू,” मानसी म्हणाली आणि वहीतली पुढची ओळ वाचली, “पापकबुलीची प्रार्थना कोन घेईल?”

मुलं एकमेकांकडे पाहू लागली. गौरव हळूच म्हणाला, “मी तिचा रबर घेतला होता. वापस नाई देला.”

कुणी हसलं नाही.

“ते राहू दे,” वच्छला म्हणाली. “पापकबुली मी घेईन.”

रविवारी प्रज्ञाची आई, उषा, पहिल्या बाकावर एकटीच बसली होती. मुलांनी नीट केलं सगळं. मेणबत्ती लावताना गौरवच्या दोन काड्या विझल्या, तेवढंच. मग वच्छला उठली. हातातलं उपासनेचं पुस्तक तिनं उघडलंच नाही.

“पोरगी गेली त्या हप्त्यात, मंगळवारी, उषानं तिले माह्याकडे आनलं होतं,” ती म्हणाली. “नागपूरले नेऊ का, म्हनून इचारलं. चारची बस होती. मी म्हनलं, कायले? सगळ्याइलेच हा ताप येऊन राहिला. गोळ्या देल्या अन् घरी पाठवलं. शुक्रवारी नेलं, तं डॉक्टर म्हने उशीर झाला. तो उशीर माह्यानं झाला, देवा. मी हे कोनाले सांगतलं नाई.”

पाळक खाली पाहत राहिले. शेवटी मानसीनं वहीत पाहिलं आणि बारीक आवाजात पुढच्या गीताचा नंबर सांगितला.

उपासना संपल्यावर लोक बाहेर पडले. उषा वच्छलाजवळ आली.

“त्या दिवशी ताप किती होता तिले?”

“एकशे चार.”

“तुमी मले एकशे एक सांगतलं होतं.”

“तू घाबरशील म्हनून.”

उषा बाहेर जाऊन पायरीवर बसली आणि चपला घालू लागली. पट्टा बकलात जाईना. वच्छला दारातच उभी राहिली. पुढे व्हायचा तिला धीर झाला नाही. चौथ्या-पाचव्या वेळी पट्टा लागला. उषा उठली, पदर सावरला आणि उन्हातून घराकडे चालू लागली.