शनिवारची धार

शनिवारची माणसं शनिवारीच पाण्यात घ्यायची, आणि का म्हणून विचारायचं नाही. मला इथे बसवलं त्याच आठवड्यात हा नियम माझ्या कानावर पडला. मी धारेची मशीन बोलतेय, नगरमधल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यातली.

दवाखान्यामागे छातीइतक्या पाण्याचा एक हौद आहे. त्याच्या भिंतीला मला बोल्टनं जखडलंय. मोटर वर, पंखा पाण्यात, पुढे जाळी. इथला कामगार मच्छिंद्र माझी चक्री फिरवतो आणि मी पाणी ढकलते. हाडं मोडून जोडलेली माणसं त्या धारेसमोर चालतात. पाणी त्यांचं वजन पेलतं, मी त्यांना अडवते. अडवलं की पायात बळ येतं. एवढंच माझं काम.

माझा जन्म नागापूरच्या एमआयडीसीतला. तिथल्या एका लहान वर्कशॉपमध्ये रंभाजी मिस्त्रींनी मला जोडलं. टेम्पोत माझ्याशेजारी बसून तेच इथे आले, हौदात उतरले आणि दिवसभर पाण्यात उभं राहून त्यांनी माझे बोल्ट आवळले. ट्रस्टचे यज्ञेश्वरकाका काठावर खुर्ची टाकून बघत होते. "मिस्त्री, चहा घ्या," म्हणाले. आडनाव विचारलं नाही.

पुढे मात्र मी रोज ऐकत आले. नवा पेशंट आला की काका आधी आडनाव विचारतात. त्यावरून जात कळली नाही, तर वस्ती विचारतात. गुडघ्याची चौकशी त्यानंतर. मग काही जणांना गोड आवाजात सांगतात, "तुम्ही शनिवारी या हं."

रविवारी टँकर येतो, म्हणून शनिवारी संध्याकाळी हौद उपसून पाणी बागेला सोडतात. त्याआधी तासभर ही माणसं उतरतात, आठवडाभर इतरांनी वापरलेल्या गढूळ पाण्यात. आमच्याकडे धार सगळ्यांना मिळते, असं काका पाहुण्यांना सांगतात. खोटंही नाही ते.

दमले मी. बेअरिंग कुरकुरतं, जाळीवर क्षारांचा पांढरा थर बसलाय. पण त्यानं एवढं दमायला होत नाही. शनिवारी होतं. आठवड्यातून एकदा येणारा पाय मागच्या शनिवारी जिथे होता तिथेच असतो. पुन्हा तोच कठडा, पुन्हा तेच अर्धं पाऊल.

यंदा, सत्त्याण्णव साली, रंभाजी परत आले, कुबड्यांवर. वर्कशॉपमध्ये पत्र्यांची थप्पी मांडीवर कोसळली होती. बरोबर त्यांची मुलगी जयमाला, कॉलेजात शिकणारी. डॉक्टरांनी रोज धारेत चालायला सांगितलं होतं. दिवाळीपर्यंत उभे राहिलात तर काम तुमचं, नाहीतर दुसरा माणूस बघतो, असं मालक म्हणाला होता.

"अरे, मिस्त्री तुम्ही," म्हणून काकांनी ओळखलं. मग आडनाव विचारलं. मग शनिवार दिला.

रंभाजी शनिवारी येत राहिले. पाण्यात उतरले की माझ्या बोल्टवरून हात फिरवायचे. पाय मात्र पुढे पडेना. जयमाला काठावर ओठ आवळून बसायची.

दिवाळी तोंडावर आली, तशी एका सोमवारी ती वडिलांना घेऊन आली. पाणी नितळ होतं. काकांचे मित्र आबासाहेब पाण्यातल्या पायरीवर गुडघे चोळत बसले होते.

"आज सोमवार आहे, बाई," काका म्हणाले.

"माहितीय. डॉक्टरांनी रोज सांगितलंय."

"तुमचा वार शनिवार."

"का?"

"इथली पद्धत आहे."

"पाणी लगेच खराब होतं गं," आबासाहेब मध्येच म्हणाले.

"अण्णा आंघोळ करून आलेत. तुम्ही?"

मच्छिंद्रनं फडक्यात तोंड लपवलं.

"चल पोरी," रंभाजी म्हणाले. "मोठ्या मानसांस्नी असं बोलू न्हाई. शनवार तर शनवार. येऊ देत्यात, ते काय कमी हाय का?"

"अण्णा, तुमचं हेच मला सहन होत नाही." ती काकांकडे वळली. "ही मशीन बसवायला हे दिवसभर याच हौदात उभे होते. तुम्ही त्यांना चहा दिलात. तेव्हा कुठला वार होता, काका?"

काका चष्मा पुसू लागले.

"शनिवारी आम्ही येणार नाही," जयमाला म्हणाली. "या शनिवारी नाही, पुढच्याही नाही. आजच उतरणार, आणि उद्याही. अण्णा, कठडा धरा."

रंभाजींनी एक कुबडी तिच्या हातात दिली. मग दुसरीही दिली आणि पाय पाण्यात टाकला. आबासाहेब सरकले. अंग चोरून सरकले की जागा करून दिली, मला कळलं नाही.

मच्छिंद्रचा हात माझ्या चक्रीवर आहे. दमलेय मी, पण पाणी अजून ढकलता येतं. तो काकांच्या तोंडाकडे बघतोय. फिरव रे, मच्छिंद्रा. बघ, कुणी नाही म्हणत नाहीये. आबासाहेब पाण्याकडे बघतायत, रंभाजी कठड्याकडे, आणि काका हातातल्या चष्म्याकडे.