बारा तुकड्यांची जाळी

दुकानात तिला सगळे चिमटा म्हणत. एक तर तिच्या हातात सतत लांब दांड्याचा चिमटा असे, आणि दुसरं म्हणजे तिचं बोलणं. कोणी तळायची जाळी नीट न निथळवता उचलली, कोणी ओल्या हाताने पिठाला शिवलं, की ती एखादाच शब्द काढी आणि समोरच्याला तो दिवसभर पुरे. चौदा वर्षं ती त्या चिकनच्या दुकानात तळणीवर उभी होती. तेल किती तापलंय हे ती यंत्राकडे न बघता, नुसत्या आवाजावरून सांगायची.

कंपनीची अशी दीडशे दुकानं होती. नवा पदार्थ आणायचा म्हटलं की तो आधी मुख्य ऑफिसातल्या प्रयोगाच्या स्वयंपाकघरात तयार व्हायचा. तिथला शेफ मसाला, पीठ, तेल, वेळ सगळं ठरवायचा. मग वीस-तीस माणसांना वेगवेगळ्या कप्प्यांत बसवून, नाव न सांगता, नुसते आकडे टाकलेल्या ताटल्या पुढे ठेवायच्या. दोन घासांमध्ये चूळ भरायची, आणि कुरकुरीतपणाला किती, चवीला किती, असे एक ते नऊपर्यंत गुण द्यायचे. तिथे पास झालेला पदार्थ सहा आठवडे आठ दुकानांत विकून बघायचा. त्या आठांत हे दुकान होतं, आणि तळणीचा अभिप्राय लिहायचं काम चिमटाचं. याचा तिला मनातून अभिमान होता. मागे कोंबडीच्या पंखांच्या पिठातली साखर करपते म्हणून ती कमी करा असं तिनेच लिहून दिलं होतं, आणि ऑफिसने ते मुकाट्याने ऐकलं होतं.

यंदा आला तो मांडीच्या मांसाचा जाड, बिनहाडाचा तुकडा, दोनदा पीठ लावून तळलेला आणि पावात घातलेला. लोकांच्या त्यावर उड्या पडल्या. पहिला आठवडा तळायचा वेळ होता साडेसहा मिनिटं. मग ऑफिसातून कागद आला: रंग गडद येतोय, रांग लांबतेय, उद्यापासून पाच मिनिटं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गर्दीत चिमटाने दोन्ही जाळ्या एकदम सोडल्या, एकेकीत बारा तुकडे. तेलाचा आवाज बसला. एरवी तडतडणारं तेल नुसतं पुटपुटायला लागलं. पाच मिनिटांनी घंटी वाजली तेव्हा तुकडे वरून सोन्यासारखे दिसत होते. तिने मधला एक उचलला आणि कापला. आत गुलाबी, चिकट. तिने सुईचा थर्मामीटर खुपसला. पंच्याहत्तर अंशांच्या खाली तुकडा द्यायचा नाही हा नियम भिंतीवर चिकटवलेला होता. काटा एकसष्टवर थांबला.

संध्याकाळी तिने अभिप्रायाच्या कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं: "भरलेल्या दोन जाळ्या एकदम टाकल्या की पाच मिनिटांत आतून कच्चं राहतं. तापमान एकसष्ट. वेळ ताबडतोब वाढवा." सही केली आणि कागद मॅनेजरच्या हातात दिला.

"लगेच पाठवतो, ताई," मॅनेजर म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर नेहमीसारखं इस्त्री केलेलं हसू होतं.

उत्तर येईपर्यंत आपल्या पाळीत तिने गुपचूप सात मिनिटं तळायला सुरुवात केली. सकाळच्या पाळीवरच्या दोघांनाही तसं करायला सांगितलं, पण त्यांच्या डोक्यावर मॅनेजर घड्याळ घेऊन उभा असे. घरी नणंद विचारायची, "काय वहिनी, आलं का काही?" नणंद शाळेत गणित शिकवायची आणि आकड्यांशी खेळणाऱ्यांचा तिला मनापासून राग होता.

"येईल हो वन्सं. मोठी कंपनी आहे, वेळ लागतो."

"कच्चं मांस पोटात जायला लागत नाही वेळ," नणंद म्हणाली. ते चिमटाला लागलं.

दहाव्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत एक रंगीत तक्ता लागला. आठ दुकानांचा आतापर्यंतचा निकाल, त्यात हे दुकान पहिलं. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: "तळणी विभाग: कोणतीही अडचण नाही. नऊपैकी नऊ." आणि पुढे तिची सही. म्हणजे तिच्या सहीसारखी कुणीतरी काढलेली सही.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तशीच मॅनेजरच्या खोलीत शिरली.

"माझा कागद कुठे आहे?"

"कुठला कागद?"

"वेड पांघरू नका. एकसष्ट लिहिलेला कागद."

मॅनेजरने दार लोटून घेतलं. "हे बघा ताई, एवढ्या तेवढ्यावरून प्रयोग बंद पडला तर आपल्या सगळ्या दुकानाचं नाव जाईल. भाषा जरा सौम्य केली, इतकंच."

"कच्च्याचं पक्कं केलंत कागदावर! आणि माझ्या नावाने?"

"आवाज खाली."

ती बाहेर आली ती सरळ तळणीवर. सकाळच्या पाळीचे चोवीस तुकडे गरम कपाटात मांडलेले होते. तिने दोन कापून पाहिले आणि अख्खा ट्रे कचऱ्याच्या डब्यात उलटा केला. बाहेर रांग दारापर्यंत गेलेली. काउंटरवरची मुलगी आ वासून बघत राहिली. मॅनेजर धावत आला, त्याचं हसू कुठल्या कुठे पळालं होतं.

"आजपासून तुम्ही ट्रे धुवायला," तो म्हणाला. "तळणीला हात लावायचा नाही."

चौदा वर्षांनी ती मोरीशी उभी राहिली. हात साबणात, कान तेलाकडे. तिकडे तेलाचा आवाज बसायचा, पाच मिनिटांनी घंटी वाजायची. मॅनेजरइतकाच तिला स्वतःचाही राग येत होता. कागद दिला आणि आपण सुटलो असं मानून आपण दहा दिवस बसलोच कसे?

तिसऱ्या दिवशी ऑफिसातला शेफ पाहणीला आला. पांढरा कोट, हातात स्टॉपवॉच, वय जेमतेम तिशीचं. मॅनेजर त्याला काउंटरवरच घोळात घेत होता, तेवढ्यात चिमटा हात पुसत पुढे झाली.

"शेफ, जरा आत या. तुमचा पदार्थ तुमच्या हाताने तळून दाखवा."

"मावशी, मी तो शंभर वेळा तळलाय."

"मी तुमची मावशी नाही. चला."

"ताई, तुम्हाला सांगितलं होतं ना..." मॅनेजर मध्ये पडला.

"तुम्ही बोलूच नका," ती इतक्या थंडपणे म्हणाली की तो दोन पावलं मागे सरला.

शेफ हसत तळणीशी आला. समोर पडद्यावर ऑर्डरींची माळ लागलेली. त्याने चार तुकडे जाळीत टाकले.

"चार कुणासाठी? बाहेर माणसं बघा. बारा टाका. दुसरीही भरा."

त्याने भरल्या. दोन्ही जाळ्या तेलात गेल्या आणि तेल बसलं. शेफच्या कपाळाला आठी पडली. कान त्यालाही होता. घंटी वाजली. चिमटाने मधला तुकडा उचलून त्याच्यापुढे ठेवला. "कापा."

त्याने कापला. मग थर्मामीटर खुपसला, काढला, पुसला, पुन्हा खुपसला. बासष्ट.

"प्रयोगशाळेत असं होत नाही," तो पुटपुटला.

"तिथे किती टाकता?"

"चार."

"आणि एकदाही आकडा कमी आला नाही?"

शेफने मान खाली घातली. "एकदा आला होता. थर्मामीटर बिघडलाय असं समजून मी दुसरा घेतला."

तिला वाटलं, या पांढऱ्या कोटाला धरून गदागदा हलवावं. "हाताखाली शिकणाऱ्याने असं केलं असतं तर मी त्याला तळणीजवळ उभं केलं नसतं," ती म्हणाली. शेफने तळणीचं यंत्र स्वतः बंद केलं आणि तिथूनच फोन लावला. अर्ध्या तासात आठही दुकानांत विक्री थांबली.

पुढच्या सोमवारी मोठ्या साहेबांनी तिला ऑफिसात बोलावलं. लांबलचक टेबल, पाण्याच्या बाटल्या, खालच्या मानेने बसलेला शेफ. साहेबांनी निर्णय वाचून दाखवले. तुकडा चपटा करायचा, जाळीत आठच टाकायचे, साडेसहा मिनिटं. यापुढे प्रत्येक पदार्थ भर गर्दीच्या मापाने तळूनच पास करायचा. मॅनेजरची चौकशी सुरू झाली होती. चिमटा पुन्हा तळणीवर जाणार होती. "तुमचे आभार," साहेब म्हणाले आणि उठायला लागले.

"आणि ज्यांनी खाल्लं त्यांचं काय?" तिने विचारलं.

"तक्रारी फारशा नाहीत."

"फारशा म्हणजे किती?"

शेफने कागद चाळला. "सात."

"मग त्या सात जणांना काय सांगितलंत?"

शेफ हळूच म्हणाला, "कूपन पाठवलं."

"कशाचं?"

"याच पदार्थाचं. एक मोफत."

चिमटाने खुर्ची मागे सरकवली होती ती पुन्हा पुढे ओढली. "लावा फोन. सातही. मी इथेच बसते."

"अहो, असं थोडंच करता येतं? आधी वकिलांना विचारावं लागेल..."

"कूपन पाठवताना विचारलं होतंत?"

साहेबांनी शेफकडे पाहिलं. शेफ मात्र केव्हाच पहिला नंबर दाबायला लागला होता. पहिल्या दोघांनी उचललाच नाही. तिसऱ्याने "बरा आहे आता" म्हणून ठेवून दिला. चौथ्या नंबरवर एक बाई आली. शेफने कंपनीचं नाव घेतलं मात्र, ती कडाडली. तिचे वडील पाच दिवस हॉस्पिटलात होते. सत्तरीचा माणूस, सलाइनवर. आणि घरी आल्यावर दारात काय, तर कूपन!

चिमटाने त्याच्या हातातून फोन घेतला.

"मी तळणीवरची बाई बोलतेय. तुकडा कच्चा होता. चूक आमची. मला माहीत होतं आणि मी थांबवू शकले नाही."

ती बाई म्हणाली, "मला बोलायचंय. सगळं बोलायचंय. ऐकणार आहे का कुणी?"

"ऐकणार," चिमटा म्हणाली.

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि दाराकडे वळले. चिमटाने त्यांना हातानेच बसायची खूण केली, आणि फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा करून टेबलाच्या मधोमध ठेवला.