चिंबोऱ्यांचा डबा

न सांगता तपासणीला जायचं आणि आईकडून डबा घेऊन जायचं, हे दोन्ही एकत्र जमत नाही. दीपेशला हे कळायला हवं होतं. तुर्भ्याच्या पंप कारखान्यात तो खरेदी बघायचा, आणि माल पुरवणारे आपलं घाण पाणी कुठे सोडतात हे बघणंही आता त्याच्याच गळ्यात पडलं होतं. आज पाळी तळोज्याच्या शिवाची. शिवा बोल्टना प्लेटिंग, म्हणजे धातूचा मुलामा, करून द्यायचा, आणि तो दीपेशच्या ताईचा नवरा. नातं साहेबांना सांगून झालं होतं. साहेब म्हणाले, "करावे गावचा ना तू? मग खाडी तुमचीच. तो पाणी साफ करून सोडतो का, संध्याकाळपर्यंत हो की नाही सांग. नाही म्हणालास तर ऑर्डर बंद."

युनिट लख्ख होतं. पाणी शुद्ध करणारं यंत्र घरघरत होतं, कामगारांच्या हातांत कोरे हातमोजे, घडीच्या खुणांसकट. दीपेशने पाण्याची बाटली भरली; पाणी स्वच्छ. कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटत होतं, पण हाती काही लागेना.

"बघ, पायजे तेवढं बघ," शिवा हसला. "मग जेवायला चल. ताई कालपासून डब्याची वाट बघते."

म्हणजे दीपेश येणार हे शिवाला कालच कळलं होतं. ताईला सातवा महिना, आणि डोहाळे कसले तर माहेरच्या चिंबोऱ्यांचे, खाडीतल्या खेकड्यांचे. लेकीकडे रिकाम्या हाताने पाठवायचं नाही ही आईची रीत. तिने कालच फोन करून ताईला कळवलं होतं, आणि आईला सांगितलं होतं त्यानेच! स्वतःच्या हाताने त्याने तपासणीवर पाणी ओतलं होतं.

शिवाच्या नावडे गावातल्या घरी ताईने डबा उघडला. बाबांनी खाडीत पकडलेल्या चिंबोऱ्या, आईच्या हाताचा रस्सा. तिने हावरटासारखी नांगी उचलली, तोच शिवाने तिचा हात धरला.

"तू नको खाव. गरम पडतं."

"मग तुम्ही घ्या, भावोजी," दीपेश म्हणाला.

शिवाने ताट सरकवलं. "भूक नाय."

"लग्नात चिंबोऱ्यांचा टोप रिकामा केलेला तुमी!" ताई हसली, आणि मग नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

चोराच्या मनात चांदणं. दीपेशला आता बाटलीची गरज नव्हती. "पाणी खाडीत सोडता ना?"

"सगलेच सोडतात," शिवा हळूच म्हणाला. "यंत्र रोज चालवायला परवडतं का? भाव कोनी पाडला? तूच ना? आता ऑर्डर गेली तर तुझ्या ताईला काय घालू?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. दीपेशला रडू फुटेल असं वाटलं. भाव त्यानेच पाडला होता, आणि त्याबद्दल कंपनीत शाबासकीही मिळवली होती.

"आय रोज हेच खाते, भावोजी," तो म्हणाला.



दीपेशने तिथेच साहेबांना फोन लावला. "साहेब, नाही. आणि त्याचा भाव मी पाडला होता, तेही बोलायचंय." ताईकडे बघायची त्याची छाती होईना. तिचं घर त्याने तिच्याच ताटावर बसून मोडलं होतं.

ताईने नांगी परत डब्यात ठेवली, झाकण घट्ट लावलं आणि पोटावर हात ठेवला.

"आता आयला लाव," ती म्हणाली. "सांग, चुलीवर काय हाय ते टाकून दे."

तो फोन मात्र दीपेशला लावता येईना.