दुकान कागदात नव्हतं

बाजारात तिला सगळे बटणताई म्हणायचे. शर्टाचं बटण तुटलं की गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवून दोन मिनिटांत लावून द्यायची. पँटची लांबी कमी-जास्त करणं, चेन बदलणं, काखेतली शिलाई उसवून ढिली करणं, सगळं ती शिंपी मास्तरांच्या दुकानात सहा वर्षं करत होती. आणि नवरा काय म्हणायचा? "कामाला कसली जातेस, वेळ घालवायला जातेस." अहो, सहा वर्षं रोज एकच गोष्ट कानावर पडली तर खरी वाटायला लागते हो!

त्यानं तिचा हात पिरगळला त्या आठवड्यात ती कोर्टात गेली. तिथल्या कारकून बाईंनी संरक्षण आदेशाचा अर्ज भरताना विचारलं, "तुम्ही कुठं कुठं जाता? तिथं तिथं त्यांना मनाई होईल."

"मी कुठं जाणार? घर, आणि मुलीची शाळा."

झालं. दोनच जागा लिहिल्या. न्यायाधीश बाईंनी त्याच दिवशी तात्पुरता आदेश दिला: नवऱ्यानं घराच्या नि शाळेच्या शंभर मीटरच्या आत यायचं नाही, फोन करायचा नाही, सुनावणी दोन आठवड्यांनी. कोर्टाच्या बेलिफानं नवऱ्याला गाठून कागद हातात दिला, सही घेतली. त्या रात्री मायलेकी सलग आठ तास झोपल्या.

नवरा मात्र पक्का बेरकी. त्यानं कागद नीट वाचला. चौथ्या दिवशी सकाळी दहाला तो दुकानासमोर हजर! हाताची घडी घालून उभा. शिवी नाही, हाक नाही, नुसता बघत उभा. तिच्या हातून सुई तीनदा निसटली.

मास्तरांनी पोलिसांना बोलावलं. शिपाई भला माणूस होता. त्यानं कागद दोनदा वाचला आणि मान हलवली. "ताई, यात दुकान नाही. घरासमोर असता तर आत्ता उचलला असता. मी नोंद करून ठेवतो, तुम्ही सुनावणीला जागा वाढवून मागा."

"अगं, रोज इथं राबतेस आणि दुकान लिहायचं विसरलीस?" मास्तर कपाळावर हात मारून म्हणाले. तिला रडूच कोसळलं. स्वतःचाच राग आला तिला. नवरा रोज यायला लागला. दोन गिऱ्हाइकं कमी झाली. हे असंच चाललं तर काम सोडून घरात कडी लावून बसावं लागणार, आणि मग महिन्या-दोन महिन्यांत त्याच्याकडेच परतावं लागणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. नवराही त्याच दिवसाची वाट बघत होता.

सुनावणीला तो इस्त्रीचा शर्ट घालून आला, शेजारी वकील. बटणताईनं दुकानाचं सांगितलं, शिपायाची नोंद दाखवली. वकील म्हणाले, बाजार सगळ्यांचा आहे. न्यायाधीश बाईंनी दुकान लिहून घेतलं आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "आणखी कुठली जागा? या खेपेला नीट आठवून सांगा."

बटणताईनं डोळ्यांना पदर लावला नाही की रुमाल, नुसती टेबलाची कड घट्ट धरली. "वाचनालय. तळ्याकाठची बाग. आणि माझ्या थोरल्या बहिणीचं घर."

"खोटं बोलतेय!" नवरा ताडकन उठला. वकिलांनी त्याची बाही ओढली, पण हा थांबतोय कुठला! "नऊ वर्षांत बहिणीकडे पाऊल टाकलेलं नाही हिनं! विचारा तिला! मी जाऊच दिलं नाही कधी!"

वकिलांनी डोळे मिटून घेतले. न्यायाधीश बाई टंकलेखकाकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "शेवटचं वाक्य त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या."

आदेश एक वर्षाचा झाला, सहाही जागांसह. सहीआधी कारकून बाईंनी पत्ते तपासले. "बहिणीचा घर क्रमांक?"

बटणताई आठवू लागली. गल्ली आठवत होती, दाराचा निळा रंग आठवत होता, जिन्यावरचा वास आठवत होता. क्रमांक काही केल्या आठवेना. सख्ख्या बहिणीच्या घराचा क्रमांक! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चारपर्यंत आणून द्या," कारकून बाई हळूच म्हणाल्या.

ती बाहेरच्या बाकावर बसली आणि फोन लावला. पलीकडून "कोण?" असं आलं.

"ताई, मी. रागावू नकोस, आधी तुझा घर क्रमांक सांग. कोर्टाला लिहून द्यायचाय."

ताईला दोन आकडे सांगायला बराच वेळ लागला, कारण ती मध्येच रडत होती. बटणताई पेन उघडून थांबून राहिली.