इस्त्रीखालचा पाय

प्रयोगशाळेत तिचं काम उंदीर मारायचं. उगाच गोड शब्द कशाला शोधा.

आधी सुई. सुईने उंदराच्या रक्तात साखर चढते. मग काही आठवडे थांबायचं. तोवर केसाहून बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होतात, आतली वाट बुजत जाते आणि मज्जातंतू उपाशी मरतात. मेले का, हे बघायला उंदीर गरम पत्र्यावर. धडधाकट असला तर टुणकन उडतो. साखरेचा नुसता उभा. पाय भाजायच्या आत यंत्र वाजतं, ती त्याला उचलते, आणि

मानेवर दांडी. शेपटीला हिसका. कट्.

घरी दादा. वेल्डर. रक्तात साखर, तोंडात बढाई. ठिणगीने मोज्याला भोक पाडलं, खालची कातडी जळाली, तर हा हसतोय!

"माझे पाय लोखंडाचे आहेत."

"लोखंडाचे नाहीत, मेलेत. दवाखान्यात चल."

"ए उंदरांची मावशी, तुझ्या उंदरांना ने."

वहिनी शर्टाला इस्त्री करत होती. "सोडा वन्सं. पालथ्या घड्यावर पाणी."

तिच्या डोक्यात तिडीक गेली. वहिनीच्या हातातली इस्त्री तिने ओढून घेतली. "लोखंड ना? मीट डोळे."

त्याने मीटले. पाय ऐटीत स्टुलावर.

तिने इस्त्री तळव्याला टेकवली आणि थांबली. तो ओरडला की उचलायची. तिच्या हाताला यंत्राची सवय. वाजल्याशिवाय हात उचलतच नसे.

"टेकवलीस का गं?" दादाने विचारलं.

वास वहिनीला आला.

वहिनीने तिला भिंतीवर आपटलं. दादाने डोळे उघडले, तळव्याची सोललेली कातडी पाहिली, मग तिचे केस धरून डोकं जमिनीवर हाणलं. एकदा. पुन्हा. "दुखत का नाहीये? सांग, दुखत का नाहीये?"

(इथेच संपायला हवी होती गोष्ट. दादा घाबरला, दवाखान्यात गेला, शहाणा झाला.)

भाजलेलं भरायला रक्त पोचावं लागतं. रक्ताच्या वाटा बुजलेल्या. हे तिला पाठ होतं. पण भाजलेला पाय पुढच्या आठवड्यात कसा दिसतो, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. तिचे उंदीर तेवढे जगत नसत.

काळा दिसतो. घोट्यापर्यंत. आणि वास मारतो.

दवाखान्यात दादा सर्जनला सही देईना. "बोटं घ्या. पाय देणार नाही."

"तुम्ही बोला," वहिनी तिच्याकडे न बघता म्हणाली.

ती खाटेजवळ गेली. दादाने भिरकावलेला स्टीलचा पेला तिच्या भुवईवर आदळला. रक्त डोळ्यात उतरलं. तिने पुसलं नाही.

"गुडघ्याखालून कापू दे, दादा. आज. उद्या मांडी जाईल."

"तूच जाळलास."

"मीच."

"आणि जाळला नसतास तर?"

खोटं बोलणं सोपं होतं. कधीतरी सडलाच असता, म्हटलं की सुटली. वहिनी ऐकत होती.

"तर कदाचित वाचला असता."

दादाने आईवरून शिवी हासडली. दोघांची आई एकच, हे त्याच्याही ध्यानात राहिलं नाही. मग त्याने स्वतःच्या हाताने पायावरची चादर बाजूला फेकली आणि सर्जनकडे पेन मागितलं.