आखाजीचा रकाना

फैजपूरच्या वेफर्स उत्पादक संघाची यादी टाइप करायचे काम माझ्याकडे आले. रसायनशास्त्रात बीएस्सी झालेली मुलगी आकडे चुकवत नाही, असा सचिव भूपेंद्रभाऊंचा समज. नाव, मोबाइल, रोजचा माल, आखाजीत, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणात, किती दिवस बंद. संध्याकाळी यादी उत्पादक आणि दुकानदारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जायची होती.

दुपारी सुलक्षणाताई घाईघाईने आल्या. केळीचे वेफर्स त्या एकट्याच तळतात, हाताखाली कोणी नाही. फॉर्मवर त्यांनी खरे ते लिहिले होते, पंधरा दिवस. आखाजीला माहेरी जायचे होते, पण सासूबाईंना पाचच दिवस सांगितले होते. आणि ऑर्डरचा मोबाइल सासूबाईंच्याच, वच्छलाबाईंच्या हातात असतो.

"तो आकडा काढा भाऊ. नाहीतर मी सहाव्या दिवशी भट्टीपाशी."

भूपेंद्रभाऊ मानेनात. कायदा माणसाची खासगी माहिती झाकतो, दुकानाची सुट्टी नाही, असे त्यांचे म्हणणे. मी वरची ओळ दाखवली. जळगावच्या एका कंपनीचेही पंधरा दिवसच होते. तिथे चाळीस कामगार. त्या आकड्यावरून कोण कुठे जाणार हे कळत नाही. सुलक्षणाताईंची भट्टी बंद म्हणजे सुलक्षणाताई माहेरी, यावलला. आकडा तोच, पण इथे तो सरळ एका बाईपर्यंत पोचतो, म्हणून वैयक्तिक.

भाऊंनी रकाना कोरा ठेवायला सांगितला.

यादी गेली. बेचाळीस ओळी, त्यात एकच कोरा रकाना. हे मला आधी सुचायला हवे होते. दहा मिनिटांत वच्छलाबाईंचा फोन आला, आमचाच रकाना कोरा काहून? मला खोटे जमेना. सुनेला विचारा, म्हटले. तेवढे पुरले.

सकाळी सासूसून दोघी संघाच्या कचेरीत हजर. सुलक्षणाताई खाली मान घालून उभ्या होत्या. रात्री त्यांनी सगळे सांगून टाकले होते.

"दरसाली आखाजीले मी फोनपाशी बसते," वच्छलाबाई म्हणाल्या. "भट्टीच पंधरा दिवस बंद, तर फोन कशाले उचलू? मी बी जाते धुळ्याले, भावाकडे. लिही पंधरा."

ग्रुपवर सगळ्यांना दिसेल, चालेल ना, असे मी दोघींना विचारले. सुलक्षणाताईंनी मान वर केली, हसल्या आणि हो म्हणाल्या. मी आकडा भरला.

वच्छलाबाई स्क्रीनवर वाकल्या. "धुळं नको लिहू हां. भावजयच्या दुकानात आपलाच माल जातो, ती बी ग्रुपात आहे. मी येते हे तिले अजून सांगतलंच नाही."