पाठपोट

माझ्या हातून आजवर किती पुस्तकं बांधून गेली त्याला गणती नाही, आणि त्यातलं एकही मी वाचलेलं नव्हतं. त्यात लाजायचं काय? न्हावी विचारतो का, या डोक्यात काय चाललंय म्हणून? चौथीत शाळा सुटली, तेव्हापासून पुठ्ठा, खळ आणि दोरा. पुस्तक कुठे चरचरतंय, कुठे मान टाकतंय, ते मला बोटांनी कळतं. आत काय लिहिलंय ते शिकलेल्यांनी बघावं, त्यासाठीच ते शिकलेत.

त्या शुक्रवारी वायरलेसवाल्यांनी एक ट्रंक आणून माझ्या टेबलावर ठेवली. हे गृहस्थ जन्मभर बोटीवर वायरलेस सांभाळत होते, आता घरी असतात. ट्रंकेत मोठाल्या आकाराची, जाड पुठ्ठ्याची फ्रेंच पुस्तकं होती. साहसाच्या गोष्टी, पण चौकटी आखून चित्रांतून सांगितलेल्या. ओलीचा वास नाकात बसला.

"पोरांची पुस्तकं दिसतात," मी म्हटलं.

"पोरांचीच. मी अजून मोठा झालो नाही, बाई."

"ते दिसतंयच. ट्रंक काय मोरीत ठेवली होती?"

"पलंगाखाली. पाइप फुटला."

त्यातल्या एकाची तर पाठच निखळली होती. सगळे कागद सुटे. त्यात पूर्वी कुठल्याशा बंदरात कुणीतरी त्याची बांधणी करताना कडा इतक्या कापल्या होत्या, की खालचे पानांचे आकडेच उडाले होते.

"हा बाइंडर होता की खाटीक?"

"मला ती भाषा येते," वायरलेसवाले म्हणाले. "पानं ओळीने लावून देऊ का?"

"तुम्ही बोटीवर होतात तेव्हा मी वल्हं मारायला आले होते का? ठेवा आणि जा."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला माझी नात बसली होती. ती चित्रकार. दोन वर्षं घालून तिनेही अशीच एक चित्रांची गोष्ट केली होती. टेलिफोनच्या तारा दुरुस्त करणारी एक बाई तुटलेल्या तारेचा माग काढत डोंगरामागून डोंगर ओलांडत जाते, अशी. नमुना प्रत तिने कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून पाठपोट छापून, पिना मारून नेली. घरात मी बसलेली असताना! प्रकाशकाने ती परत केली. चित्रं सुरेख आहेत म्हणाला, पण पुढे काय होणार ते आधीच कळतं, धक्का बसत नाही. गुरुवारी शेवटचं एकदा बघतो, मग यंदाची यादी बंद.

पोरीने घरात जाहीर केलं होतं, की आताही नाही म्हणाला तर दौत आणि टाक माळ्यावर टाकणार आणि औषधांच्या खोक्यांवर चित्रं काढायची नोकरी धरणार. खोकेवाल्यांचं पत्र येऊन पडलं होतं. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, खूश. "आई, ही कायमची नोकरी आहे," म्हणाला. मी म्हटलं, "शेवटी झोपवतात ती पेटीसुद्धा कायमचीच असते."

पण नुसत्या टोमण्याने काय होतंय? चूक कुठे आहे हे तिलाही कळत नव्हतं आणि मलाही. रोज तीच ती चित्रं भिंतीवर टाचायची, बघत बसायची आणि काढून ठेवायची. तीन आठवड्यांत पोर हसली नव्हती.

मी माझ्या कामाला लागले. सुटी पानं लावायची माझी एक रीत आहे. ओलीचा डाग वरच्या कागदावर मोठा असतो, आत आत जाताना लहान होत जातो. डागाच्या मागे जायचं, आकडे लागतात कुणाला? एकतीसच्या एकतीस कागद मी अर्ध्या तासात लावले आणि नातीपुढे सरकवले. ती चाळू लागली. गोष्ट विमानाच्या एका मेकॅनिकची होती. त्याच्या गळ्यात लाल मफलर आणि बरोबर छत्रीवाली जाडजूड आत्या.

"आजी, हा आधी ओलाचिंब होतो आणि मग पाण्यात पडतो?"

"घाम असेल."

"आजी, त्याच्या टोपीत मासा आहे."

आणि ती हसली. अशी हसली की खळीचं भांडं कलंडलं.

"डाग खोटं बोलत नाही," मी म्हटलं.

"डागाची काय चूक? पाइप फुटायच्या आधीच कुणीतरी पानं उलटसुलट ठेवली असणार. वायरलेसकाकांना फोन करते."

"केलास तर हात मोडून ठेवीन."

झालं! आता वाचल्यावाचून गत्यंतर नव्हतं. भाषा येत नाही, चष्म्याचा नंबर वाढलेला. शनिवारी सकाळी मी टेबल रिकामं केलं, एकतीस कागद मांडले आणि पहिल्यांदा एका पुस्तकाच्या आत पाहिलं.

पहिल्याच कागदावर एक बंदर होतं. तळहाताएवढी चौकट, पण त्यात शंभर तरी माणसं असतील आणि एकही माणूस नुसता उभा नव्हता. कुणी बुटाची नाडी बांधत होता, कुणी मापात मारत होता. खोक्यांना खिळे होते, आणि एका खोक्याचा एक खिळा वाकलेला. वर तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत एक बाई फडकं पिळत होती. पुढे चौथ्या चौकटीत त्या फडक्याचं पाणी खालच्या पोलिसाच्या टोपीवर पडलं. गोष्टीशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. कुणी बघेल न बघेल, तरी कुणीतरी ते मनापासून काढलं होतं. मी बोट लावायला गेले आणि मागे घेतलं. बोटाला खळ होती.

सगळ्याला एकाच जाडीची रेघ. माणूस असो, डोंगर असो, धूर असो, तीच शांत रेघ, कुठे थरथर नाही, गिरवागिरवी नाही. मग एक कागद उलटला तर अख्खं पान पांढरं! मला वाटलं, छपाई चुकली. नीट पाहिलं तर मिठाचं वाळवंट होतं, आणि खाली कोपऱ्यात माशीएवढी विमानाची सावली. विमान कुठेच नाही, नुसती सावली. माझा श्वास वरच राहिला. मी कधी विमानात बसले नाही, वाळवंट पाहिलं नाही, आणि त्या टेबलाशी बसल्या बसल्या माझ्या पायाखालची जमीन निघून गेली.

चित्रांच्या मागे जात जात कागद ओळीने लागले, किती वेळ गेला कोण जाणे. सून दोनदा जेवायला बोलावून गेली म्हणे.

"आजी, रडतेस?"

"मीठ गेलं डोळ्यात."

ते वाळवंट पुन्हा बघावं म्हणून मी कागद हातात घेतला तेव्हा ती गोष्ट लक्षात आली. आमच्या कामात कागदाच्या पुढच्या अंगाला पोट म्हणतात, मागच्याला पाठ. पुस्तक उघडलं की उजव्या हाताला येतं ते पोट, आणि तोच कागद उलटला की डावीकडे येते ती पाठ. वाळवंट होतं पाठीवर. पोटावर, अगदी शेवटच्या चौकटीत, आत्याची छत्री गळून पडत होती आणि ती खाली काहीतरी बघून गप्प झाली होती. काय बघतेय ते दिसत नव्हतं.

मी दुसरा कागद उचलला. पोटावर शेवटी मेकॅनिक दार उघडतो. पाठीवर दारामागचं. तिसरा उचलला. पोटावर शेवटी दोरी तुटते, पाठीवर तो पाण्यात पडतो. एकतीसच्या एकतीस कागदांना हेच! जे दडवायचं ते पोटात ठेवलंय आणि पाठ फिरवल्यावाचून कळू द्यायचं नाही. कुठल्या गावचा कुठला चित्रकार, मला एक अक्षर वाचता येत नाही त्याचं, आणि त्याला माझ्यासारखंच ठाऊक होतं, की पान म्हणजे पाठपोट, आणि ते उलटायला हात लागतो. त्याने माझा हात धरून एकतीस वेळा कागद उलटायला लावला होता.

मग मी भिंतीकडे पाहिलं.

भिंतीवर नातीची पानं टाचलेली होती. एक आणि दोन शेजारी शेजारी, तीन आणि चार शेजारी शेजारी, अशा जोड्या.

"ए चित्रकारीण, हे असं का लावलंस?"

"पुस्तक उघडल्यावर दोन पानं दिसतात ना, तशी. प्रत्येक जोडीच्या शेवटी उत्सुकता वाढवायची, मग पान उलटायचं."

"पुस्तकात एक नंबरचं पान कुठे असतं?"

"उजवीकडे."

"त्याच्या डावीकडे काय?"

"पुठ्ठा." ती थांबली. "आजी."

"एक नंबरचं पान एकटं असतं, बाई. त्याला शेजार नाही. दोन बसतं त्याच्या पाठीवर, आणि दोनाच्या शेजारी येतं तीन. तू दोनाच्या शेवटी लोकांचा श्वास रोखतेस आणि उत्तर शेजारीच उघडं! प्रकाशक काय आंधळा आहे? वाचायच्या आधीच त्याला सगळं दिसतंय."

तिचा चेहरा पांढरा पडला. बाइंडरच्या घरातली पोर, आणि दिव्याखाली अंधार. तिने कागदाच्या एकाच बाजूला चित्रं काढलेली, म्हणजे पोट होतं, पाठच नव्हती. आणि मी तरी काय? भिंतीकडे दोन वर्षं बघत होते.

"सगळं पुन्हा काढावं लागेल," ती खाली बसली. "गुरुवारपर्यंत कसं होणार? गेलं सगळं."

"किती पानं आहेत?"

"त्रेसष्ट."

"त्रेसष्ट! आकडा तरी बांधणाऱ्याला विचारून घ्यायचास. चौसष्टाला सोळा-सोळा पानांचे फर्मे नीट बसतात. पुढे एक पान घाल. बाकीची सगळी एकेक घर सरकतील. तुझं एक जाईल दोनावर, दोन जाईल तिनावर, आणि तुझ्या जोड्या खऱ्या होतील."

ती बोटांवर मोजू लागली. मग भिंतीशी गेली, पुन्हा मोजू लागली. मग एकदम माझे गाल धरले.

"कोरं पान घालू?"

"कोरं घातलंस तर प्रकाशक म्हणेल, बांधताना आजीची नजर गेली."

मंगळवारपर्यंत तिने त्या एका पानासाठी अठरा कागद फाडले. डोंगर काढला, फाडला. फोन काढला, फाडला. बुधवारी सकाळी ती आली आणि कागदावर नुसता टाक टेकवला. डाव्या कडेपासून निघाली. मी दोरा ओवत होते, सुई तशीच हातात राहिली. एकच रेघ, वर न उचलता, मध्ये किंचित झोल घेत, एकाच जाडीची, उजव्या कडेपर्यंत आणि कडेच्या बाहेर. टेलिफोनची तार. बाकी पान रिकामं. तिने श्वास सोडला तेव्हा मला कळलं की मीही रोखून धरला होता. तिला कौतुकाचं काही सांगायची मला सवय नाही. मी म्हटलं, "शाई वाळू दे."

पानं तिने पाठपोट छापून आणली आणि दुपारी मी ती बांधली. सत्तेचाळीस नंबरचं पोट आलं तेव्हा ती ओरडली, "आजी, त्याची पाठ बघू नकोस! ते पान मी भिंतीवरही कधी लावलं नव्हतं. पुस्तक झाल्यावर बघ." त्या घडीला मी डोळे खिडकीकडे ठेवले. शिवायला डोळे लागत नाहीत.

गुरुवारी मीही गेले. बांधणी माझी होती. प्रकाशकाच्या खोलीत खुर्चीवर पुस्तकं, खिडकीवर पुस्तकं. त्याने एक ढीग उचलून मला जागा करून दिली, एवढी रीत होती त्याला. तो टेबलाच्या पलीकडे, आम्ही अलीकडे.

"तेच पुस्तक आहे ना?" त्याने विचारलं.

"तेच," नात म्हणाली. तिचे हात मांडीखाली.

त्याने उघडलं. तारेच्या पानावर जरा थांबला, तार जिकडे गेली तिकडे नजर गेली, उलटलं. आधी अंगठ्याने भराभर चाळत होता. मग अंगठा सुटला. मग दुसरा हात टेबलावर आला. फोन वाजला, त्याने बघितलंही नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघत नव्हते, हाताकडे बघत होते. हाताला खोटं बोलता येत नाही. चहा घेऊन आलेल्या बाईला त्याने नुसती मान हलवून परत पाठवलं.

सत्तेचाळीसाला तारवाली खिंडीच्या माथ्यावर पोचली. शेवटच्या चौकटीत नुसते तिचे डोळे. त्याची दोन बोटं पानाच्या कोपऱ्याखाली गेली आणि तिथेच राहिली. लगेच उलटेना. भुकेला माणूस शेवटचा घास हातात धरून ठेवतो, तसा. नातीने डोळे मिटून घेतले.

त्याने उलटलं.

माझ्या बाजूने ते पान उलटं होतं. तरी दिसलं. अख्खी दरी पांढऱ्या पक्ष्यांनी भरलेली, हजारो, आणि सगळे त्या एका तारेवर बसलेले. त्यांच्या भाराने तार झोल घेत घेत खाली नदीला टेकली होती. कुणी ती तोडली नव्हती. पक्ष्यांना बसायला दुसरी जागाच नव्हती. या पोरीने त्यातल्या एकेका पक्ष्याला वेगळी मान दिली होती. उलटं बघतानाही माझ्या अंगावर काटा आला. ही पोर माझ्या टेबलाशी बसून हे करत होती, आणि मी तिला म्हणत होते, कागदाचे तुकडे उचल.

प्रकाशकाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मागच्या वेळी हे पान होतं?"

"होतं," नात म्हणाली.

"मग मला कसं दिसलं नाही?"

"दिसलं होतं ना," मी म्हटलं. "फार लवकर दिसलं होतं, तेच तर दुखणं."

तो हसला नाही. पुढे वाचत राहिला, शेवटपर्यंत, आणि शेवट झाल्यावर पुन्हा मागे पक्ष्यांपाशी आला. "छापू या," म्हणाला. "पण मला सांग, बदललंस काय?"

"एक रेघ वाढवली," नात म्हणाली आणि मग तिला रडू फुटलं. मांडीखालचे हात सोडवायचेही तिला सुचेना.

"तिला रडू दे," मी प्रकाशकाला म्हटलं. "खोकेवाल्यांना नकार कळवायचाय, तो ती नंतर कळवेल. तुम्ही ते पुस्तक जरा इकडे फिरवा. मला पक्षी सरळ बघायचेत."